अपवादासह मान्य

करार क्रमांक चार हजार एकशे बारा,
मुदत पाच वर्षं, अधिक दोन.
सरकारची माणसं त्यात राहतात :
बर्फ ओढणारे, परिचारिका, शाळेतले शिपाई,
त्यांच्या रजा, त्यांची बाळंतपणं,
त्यांचे शुक्रवारचे पगार.
सॉफ्टवेअर दुसऱ्याचं. भाडं आमचं.
तक्रारींची किल्ली माझ्याकडे.

यलोनाइफला नोव्हेंबरात साडेतीनला अंधारतं.
खिडकीबाहेर सरोवर गोठत असतं, कण्हत कण्हत.
पडद्यावर सगळं हिरवं :
उपलब्धता नव्याण्णव पूर्णांक सात.
ग्रेडन ह्रुस्का दर महिन्याला रेजायनाहून
तो हिरवा तक्ता वाचून दाखवतो,
पाढे म्हणावेत तसा.

आर्लीन त्या तक्त्यात कुठेच नव्हती.
सरोवरापलीकडच्या वस्तीत, दवाखान्यात
ती फरशी पुसते, बॉयलरकडे बघते,
विमान उतरलं की रक्ताचे नमुने धावपट्टीवर नेते.
तिच्या आडनावात एक अक्षर आहे,
टिंब नसलेल्या प्रश्नचिन्हासारखं.
त्याला आवाज नाही.
घसा क्षणभर मिटतो, उघडतो, एवढंच.
गाळलं तर उरतं ते
दुसऱ्याच कुणाचं तरी नाव.

प्रणालीला ते अक्षर ठाऊक नव्हतं.
तिनं आपल्या मनानं खाली टिंब दिलं.
पगारपत्रकावर आलं : तसा?ए.
बँकेनं विचारलं, ही कोण?
तीन पंधरवडे पैसे परत.
मिशनच्या नोंदवहीनं खोडलेलं,
वडिलांनी कोर्टात भांडून परत आणलेलं नाव ;
आम्ही त्याला नावं ठेवली.

मी तिकीट काढलं. गाडी हलली नाही.
उत्तर आलं : तीव्रता चार. शोभेचा दोष.
बदल हवा तर बदलविनंती,
अठरा हजार डॉलर, कर वेगळा,
नुसता अंदाज द्यायला पंधरा दिवस.
मी परिशिष्ट 'क' उघडलं, दंडाचं कलम शोधायला,
तर हाती लागली स्वीकृती चाचणीची यादी.
ओळ एकशे चाळीस : स्थानिक भाषांतील अक्षरे.
शेरा : अपवादासह मान्य.
खाली आद्याक्षरं. माझी.
आठवत नाही म्हणायला आवडलं असतं.
जेवणाची वेळ झाली होती,
आणि अजून दोनशे ओळी होत्या.

चेक हातानं लिहिला. ते अक्षर दोनदा गिरवलं.
विमानाला दिला, मग फोन केला.
उपग्रहावरून शब्द जातो, थबकतो, मग पोचतो.
"पूर्ण नाव सांगा," मी म्हटलं, नियमच आहे.
तिनं सांगितलं. मध्येच तुटलं.
"लाइन तुटतेय, पुन्हा सांगा."
पुन्हा सांगितलं. पुन्हा तिथंच.
तिसऱ्यांदा ती हसली.
"लाइन ठीक आहे, बाई. ते माझं नाव आहे."

सहा वर्षं हाच फोन.
किती जणांना म्हटलं असेन
लाइन तुटतेय म्हणून.

डिसेंबरच्या बैठकीत तक्ता वाचू दिला नाही.
म्हटलं, ग्रेडन, आधी हे आडनाव. मोठ्यानं.
तो घाईघाईनं म्हणाला, "तसाए."
नाही. मध्ये थांब.
त्यानं खोकून पाहिलं. त्यांच्या वकीलबाईंनीही पाहिलं,
चष्मा काढून, जणू नाव बारीक छापलं होतं.
मग हॅलिफॅक्सच्या मदतकक्षातला हैथम,
ज्याला बैठकीत बोलायची मुभाच नव्हती,
पहिल्याच खेपेला अचूक म्हणाला.
"आमच्या हलबमध्ये
हे अक्षर रोज लागतं," म्हणाला,
आणि मायक्रोफोन बंद केला.

इतिवृत्तात मी लिहिलं :
सर्व उपस्थित एक क्षण थांबले.
विक्रेत्यानं दुरुस्ती मागितली :
वाक्य वगळावे, कराराच्या कक्षेत बसत नाही.
शेरा : अमान्य.
खाली आद्याक्षरं.

वाढीव दोन वर्षांचा कागद टेबलावर आहे,
शुक्रवारपर्यंत.
सरोवर आता ट्रक पेलतं, म्हणतात.
काल आर्लीनचा पगार निघाला,
मीच काढला, हातानं, पुन्हा.
पडद्यावर सगळं हिरवं.